अनारसे हसू नयेत म्हणून

दिवाळीतली माझी आवडती वेळ म्हणजे पाडव्याची दुपार. ओवाळून झालेलं असतं, जेवणं उरकलेली असतात, घरातले सगळे जागा मिळेल तिथे आडवे झालेले असतात. मी गॅलरीतल्या खुर्चीवर एक दिवाळी अंक आणि बशीत दोन अनारसे घेऊन बसतो. चहाची वेळ होईपर्यंत मला कुणी हाक मारत नाही.

वाचताना खायला फराळातलं काय चांगलं, हे मी बरीच वर्षं पडताळून पाहिलं आहे. चिवडा खाल्ला की पानांवर हळदीची बोटं उमटतात. लाडू मांडीवर चुरतो. शंकरपाळे एकामागून एक तोंडात जात राहतात आणि कथा संपायच्या आत वाटी रिकामी होते. अनारसा लहान लहान तुकडा मोडत, चावून खावा लागतो. कड कुरकुरीत, मध्ये मऊ, वर भाजल्या खसखशीचा वास आणि गोडामागून येणारी किंचित आंबूस चव. एका कथेला एक अनारसा बरोबर पुरतो.

ही आंबूस चव तांदूळ तीन दिवस भिजल्याने आणि गोळा आठवडाभर मुरल्याने येते. त्याला दुसरा रस्ता नाही. ‘झटपट अनारसे’ म्हणून तयार तांदळाच्या पिठात गूळ आणि खायचा सोडा घालायच्या ज्या कृती फिरतात, त्यांनी जे तळून निघतं ते गोड असतं, कुरकुरीत असतं, त्याला भोकंही पडतात. तो अनारसा नव्हे. ज्यांना आज ठरवून आज खायचं आहे त्यांनी शिरा करावा, मनापासून सांगतो, चांगला शिरा फार सुखाचा असतो.

दिवस मोजून घ्या

मी कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी तांदूळ भिजवतो. वद्य चतुर्थीला पीठ होतं, त्याच दिवशी गूळ मिसळून गोळा डब्यात जातो, आठ दिवस मुरतो आणि वसुबारसेला तळायचे. एखादी तिथी इकडेतिकडे झाली तरी बिघडत नाही, पण हे वेळापत्रक स्वयंपाकघरात लिहून चिकटवलेलं बरं. वसुबारसेला तळण झालं की पुढचे दिवस मोकळे राहतात. नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री अकरा वाजता अनारसे तळायला बसलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या वाट्याला पाडव्याची दुपार येत नाही, ती झोपेत जाते.

तांदूळ भिजत असतात त्या तीन दिवसांतच मी वाचनालयात जाऊन दिवाळी अंकांच्या योजनेत नाव घालतो. आपल्याकडच्या बहुतेक वाचनालयांत ही सोय असते, एकदा पैसे भरायचे आणि पुढचे काही महिने अंक बदलून आणायचे. उशीर केला की चांगले अंक दुसऱ्यांच्या घरी गेलेले असतात. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरांत फराळाच्या डब्यांशेजारी अंक येऊन बसले आहेत. एक-दोन अंक मात्र मी विकत घेतो. ते का, ते शेवटी सांगतो.

तांदूळ आणि पीठ

अर्धा किलो जुना तांदूळ. साधा कोलम चालतो, रेशनचा जाडा तांदूळही उत्तम. नवा, शिजल्यावर चिकट होणारा तांदूळ नको, आणि बासमतीवर पैसे घालवू नका. तीन पाण्यांनी धुऊन भिजत घाला, रोज पाणी बदला. तिसऱ्या दिवशी वास येईल, तो यायलाच हवा.

चौथ्या दिवशी निथळून सुती कापडावर सावलीत पसरा. उन्हात नको, पंख्याखालीही फार वेळ नको. पाऊण ते एक तासात दाणा वरून कोरडा दिसायला लागतो, पण मूठ आवळली की तळव्याला गारवा लागतो. तेव्हा उचला. मिक्सरमध्ये थोडं थोडं दळून बारीक चाळणीने चाळा. चाळणीवर राहिलेली कणी परत दळा. ती ‘असू दे थोडी’ म्हणून पिठात टाकली की तळताना तिथेच भेग पडते. चाळलेलं पीठ मुठीत दाबल्यावर मुटका व्हायला हवा आणि बोटाने ढकलल्यावर तो मोडायला हवा. मुटका झालाच नाही तर तांदूळ जास्त सुकले. बोटाला लागून आला तर कमी सुकले.

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. या पिठातलं शंभर ग्रॅम पीठ वेगळं काढून, डबीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. ते कशासाठी ते पुढे कळेल. आत्ता फक्त ठेवा.

गूळ

उरलेलं पीठ वजन करून घ्या. ५०० ग्रॅम असेल तर ४०० ग्रॅम गूळ, त्याच हिशेबाने कमीजास्त. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं आणि त्याने वाटी-चमच्याच्या मापाने किती घरांना स्वयंपाक शिकवला त्याची गणती नाही. मीही त्याच पुस्तकाने शिकलो, माझ्या प्रतीची शिवण दोनदा नव्याने बांधून घेतली आहे. तरीही अनारशाच्या गुळाला मी काटा वापरतो. चाळलेलं पीठ भुसभुशीत असतं, वाटीत हलक्या हाताने भरलं तर वेगळं बसतं आणि दाबलं तर वेगळं. किसलेल्या गुळाचंही तेच. दोन्हीकडे थोडा थोडा फरक पडला की पाच-दहा तोळ्यांची चूक सहज होते, आणि अनारशाला तेवढी चूक पुरते.

गूळ साधा, पिवळा, मऊ. चिक्कीचा गूळ घेऊ नका, त्याने अनारसा दगड होतो. गूळ किसून घ्या, चिरून नव्हे. खडा राहिला की तुपात तो वितळतो आणि अनारशाला आरपार भोक पडतं. किसलेला गूळ, पीठ आणि दोन चमचे साजूक तूप एकत्र करून तळव्याने रगडा. पाण्याचा थेंबही नको. सुरुवातीला हे सगळं कोरडं आणि भरभरीत वाटेल, गोळा वळणार नाही असं वाटेल आणि दूध घालायचा मोह होईल. घालू नका. गूळ पिठातली ओल ओढून घेतो आणि दोन-तीन दिवसांत तोच गोळा मऊ पडतो. आज दूध घातलंत तर पाचव्या दिवशी डब्यात खीर दिसेल.

घट्ट दाबून स्टीलच्या डब्यात भरा, वर तुपाचा हात फिरवा, झाकण लावा. दोन दिवसांनी एकदा वरखाली करून पुन्हा दाबा. आठ दिवस. पाच दिवसांतही होतात, पण मला आठ दिवसांची चव आवडते. आंबूस वास ठीक आहे. हिरवी-काळी बुरशी दिसली तर सगळं टाकून द्या, वरवर काढून वापरू नका.

पावसाळ्यात करणार असाल तर एक इशारा. अधिक महिन्यात जावयाला तेहेतीस अनारशांचं वाण द्यायची पद्धत आहे आणि अधिक महिना पावसात आला की पंचाईत होते. २०२३ साली अधिक श्रावण होता. डोंबिवलीच्या त्या दमट हवेत माझे तांदूळ तासाने जसे होते तसेच होते. दोन तास ठेवले तेव्हा कुठे वरून कोरडे झाले, आणि गोळा तीन दिवसांनी फ्रिजमध्ये हलवावा लागला. पावसात घड्याळ बघू नका, मूठ आवळून बघा.

हसणं

तुपात सोडलेला अनारसा सुटून पसरला की तो हसला म्हणतात. ऐकायला शब्द गोड आहे. ज्याचा हसतो त्याला मात्र रडू येतं.

मी पहिल्यांदा केले तेव्हा सांगलीहून आत्या आली होती. मी तिला काही करू देणार नव्हतो, तिने स्टुलावर बसून फक्त बघायचं असं ठरलं होतं. पहिला अनारसा सोडला. तीन-चार सेकंद तो नीट तरंगला. मग कडेला केसाएवढी भेग पडली, तिच्यातून बारीक बुडबुड्यांची रांग आली आणि ती भेग रुंद होत गोल फिरली. कड सुटली. मधला भाग जाळीसारखा ताणला गेला आणि तुटला. झाऱ्याने उचलायला गेलो तर झाऱ्यात खसखस आणि लालसर भुगा आला, बाकीचं तुपात विरलं.

“हसला रे,” आत्या म्हणाली. “दुसरा टाकू नकोस. आधी गॅस बंद कर.”

मी ऐकलं नाही. तूप थंड असेल असं वाटून गॅस मोठा केला. दुसराही हसला, शिवाय जळला. तिसऱ्याच्या वेळी गोळ्यात मैदा मळला. तो हसला नाही, पण वातड झाला, आणि मैद्याची ती कच्ची चव जिभेवरून जाईना. तोवर तूप काळं पडलं होतं. आत्या उठली, गॅस बंद केला आणि विचारलं, “पीठ राखलंयस का बाजूला?”

“नाही गं, सगळं घातलं.”

“मग परत मूठभर तांदूळ भिजव. हा गोळा फ्रिजमध्ये ठेव, तो काही पळून जात नाही.”

त्या वर्षी आम्ही अनारसे तुळशीच्या लग्नाला खाल्ले. चांगले झाले होते. तेव्हापासून दरवर्षी पीठ राखून ठेवतो आणि ज्या कृतीत पीठ राखायला सांगितलेलं नाही ती कृती कुणाला देत नाही.

आता तिचं ऐकून आणि नंतर स्वतः करून जे कळलं ते नीट सांगतो. हसण्यावरचा सगळीकडे मिळणारा सल्ला म्हणजे ‘आच कमी-जास्त करून बघा’. आचेने हसणं क्वचितच थांबतं. अनारसा हसणार की नाही हे गोळ्यात आधीच ठरलेलं असतं. गूळ तुपात वितळतो. त्याला धरून ठेवायला भोवती पुरेसं पीठ असेल तर वितळलेल्या गुळाच्या जागी जाळी पडते आणि अनारसा उभा राहतो. पीठ कमी पडलं की धरायला काही उरत नाही आणि सगळंच वाहून जातं. जाळी आणि हसणं ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत, म्हणूनच हा पदार्थ अवघड आहे. अजिबात हसायची भीती नको म्हणून गूळ फार कमी केलात तर जाळीच पडत नाही, बिस्कीट होतं.

म्हणून तळायच्या दिवशी आधी एकच अनारसा तळा. फक्त एक, तोही लहान. बाकी काही थापू नका. तो काय करतो ते झाकण-बिकण बाजूला ठेवून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, डोळ्यांनी बघा.

कड चहूबाजूंनी सुटून पसरली तर गूळ जास्त आहे किंवा गोळा ओला आहे. राखलेलं पीठ फ्रीझरमधून काढून तासभर आधी बाहेर ठेवलेलं असेलच. एका मोठ्या लिंबाएवढ्या गोळ्याला एक छोटा चमचा पीठ, एवढंच मळा. तळव्याच्या टाचेने रगडून एकजीव करा, अर्धा तास झाकून ठेवा आणि पुन्हा एक तळा. अर्धा तास थांबायचा कंटाळा करू नका. नुकतंच घातलेलं पीठ गुळात भिजलेलं नसतं, लगेच तळलं तर ते वेगळं पडतं, तुम्हाला वाटतं अजून पीठ हवं आणि मग तुम्ही जास्त घालून बसता. आख्ख्या गोळ्यात एकदम पीठ कधी मिसळू नका. लहान गोळ्यावर प्रमाण जमलं की मग त्याच हिशेबाने सगळ्यात.

कड शाबूत राहून मध्येच एक मोठं भोक पडलं तर गुळाचा खडा राहिला आहे किंवा थापताना मध्य पातळ झाला आहे. पीठ घालू नका, गोळा पुन्हा रगडा.

सोडल्या सोडल्या वाळूसारखा विखुरला तर गोळा कोरडा आहे किंवा तूप फारच कोमट. आधी तूप तपासा. तूप ठीक असेल तर गोळ्याला तुपाचाच हात लावून मळा. एवढ्याने जमलं नाही तर पिकलेल्या केळ्याचा चमचाभर गर, किंवा दूध चमच्याने, थेंब थेंब. दूध किंवा केळं लावलेला गोळा त्याच दिवशी संपवा, तो परत डब्यात जायला नको. आणि पूर्ण गोळ्यात आधीच केळं कुस्करून टाकणाऱ्यांना माझा कडक विरोध आहे. त्यांना अनारशाच्या वासाऐवजी केळ्याचा वास चालतो असं दिसतं.

हसला नाही, पण जाळीही पडली नाही आणि कडक झाला, तर गूळ कमी आहे. थोडा किसलेला गूळ रगडा आणि गोळा आणखी एक रात्र ठेवा. इथे अर्ध्या तासाने भागत नाही.

हे तपासण्यात माझा पाऊण तास सहज जातो. दरवर्षी जातो. तांदूळ वेगळा असतो, गूळ वेगळा असतो, हवा वेगळी असते, त्यामुळे मागच्या वर्षी जमलं म्हणून या वर्षी पहिला अनारसा न तपासता दहा थापून ठेवणं हा वेडेपणा आहे. मी ‘रुचिरा’च्या मागच्या कोऱ्या पानावर शिसपेन्सिलीने वर्ष, तांदूळ, किती पिठाला किती गूळ आणि शेवटी किती राखलेलं पीठ लागलं एवढं लिहून ठेवतो. पुस्तकात लिहू नये असं मानणारे लोक मला माहीत आहेत, आणि कथेच्या पुस्तकात मीही कधी लिहीत नाही. पाककृतीच्या पुस्तकाने मात्र आपल्या हातचं काही तरी बाळगलं पाहिजे. त्या पानावर आता सतरा ओळी आहेत. चार ओळींत शेवटी ‘पीठ लागलं नाही’ असं आहे. बाकी सगळ्या वर्षी लागलं.

थापणं आणि तळणं

प्लास्टिकच्या कागदावर किंवा केळीच्या पानावर खसखस भुरभुरवा, त्यावर लहान लिंबाएवढी गोळी ठेवा आणि बोटांनी गोल थापा. पुरीपेक्षा लहान, पुरीपेक्षा जाड. मध्य आणि कड सारखी. लाटणं नको. पाच-सहापेक्षा जास्त एकदम थापून ठेवू नका, ते कागदाला चिकटतात. माझ्या मापाने या गोळ्याचे तीसेक होतात.

तूपच वापरा. तेलात तळलेला अनारसा दुसऱ्या दिवशी खवट लागतो. लहान, सपाट बुडाची कढई घ्या म्हणजे दोन बोटं खोलीला तूप कमी लागतं. आच मंद ते मध्यम. गोळ्याचा चिमूटभर कण टाकून बघा. तो आधी बुडाला, मग बारीक बुडबुड्यांसकट सावकाश वर आला तर तूप तयार. टाकल्याबरोबर उसळून लाल झाला तर गॅस बंद करून दोन मिनिटं थांबा.

एका वेळी एकच. खसखशीची बाजू वर. उलटायचा नाही, अजिबात नाही. खसखस खाली गेली की ती सुटते, जळते आणि पुढच्या प्रत्येक अनारशाला काळे ठिपके लावते. सोडल्यावर दहा आकडे मोजेपर्यंत हात लावू नका. मग झाऱ्याने कडेचं तूप त्याच्यावर हलकेच उडवत राहा. खसखशीच्या मधून बारीक भोकं उघडायला लागतात ते दृश्य मला अजूनही हलवून टाकतं. फिक्या बदामी रंगावर काढा. बाहेर आल्यावर रंग आणखी चढतो, म्हणून कढईत जो रंग हवासा वाटतो त्याच्या थोडं आधीच काढायचा.

दोन झाऱ्यांत धरून हलकेच दाबा आणि चाळणीत उभे करून ठेवा, खाली ताट. आडवे ठेवले तर तूप आतच राहतं. पाच-सहा झाले की तूप पातळ कापडातून गाळून घ्या.

डबा आणि अंक

त्या दिवशीचा गरम अनारसा खाऊ नका असं मी सांगणार नाही, कारण कुणी ऐकत नाही. पण दुसऱ्या दिवशी तूप निथळून, गूळ आवळून कड जी कुरकुरीत होते ती गरम असताना नसते. पूर्ण गार झाल्यावर डब्यात उभे भरा, बुडाशी एक कागद. दोन आठवडे आरामात टिकतात.

वाचायला बसाल तेव्हा डब्यातून थेट उचलू नका. दोन अनारसे बशीत काढून दहा मिनिटं टिपकागदावर ठेवा, म्हणजे बोटाला तूप लागत नाही. मी उजव्या हाताने खातो आणि डाव्या हाताने पान उलटतो, अंक मांडीवर उशी ठेवून तिच्यावर. गुळगुळीत कागदाच्या अंकाला तूप लागलं तर पुसता येतं. साध्या कागदावर डाग कायमचा बसतो, पलीकडचं पान दिसायला लागतं. चुकून पडलाच तर लगेच वर-खाली टिपकागद ठेवून दाबा, घासू नका.

खसखशीचं काही करता येत नाही. प्रत्येक तुकडा मोडताना दहा-वीस दाणे पडतातच, आणि ते अंकाच्या मधल्या घडीत जाऊन बसतात. वाचनालयाचा अंक असेल तर परत करण्याआधी तो उलटा धरून पाठीवर दोन-तीन टपल्या मारा आणि मऊ ब्रशने घडी झाडा. पुढच्या वाचकाच्या घरी मुंग्या लागता कामा नयेत.

विकत घेतलेल्या अंकांना मी झाडत नाही. ते वाचून झाले की दोन-तीन दिवस पंख्याखाली उघडे ठेवतो आणि मग बंद कपाटात, प्रत्येक वर्षाचे वेगळे. मुंग्या कपाटापर्यंत अजून पोचलेल्या नाहीत. आत्या गेली त्या वर्षीचा एक अंक परवा काढला. भाऊबिजेला ती डोंबिवलीला आली होती आणि तो अंक माझ्याआधी तिनेच वाचला होता, गॅलरीत, माझ्या खुर्चीवर. शेहेचाळिसाव्या पानाच्या घडीत खसखस होती.